वंशावळ आणि जीव

२०२४ साली डब्लिनच्या प्राणिसंग्रहालयात तीसेक बायका आपापली तान्ही बाळं घेऊन येत आणि एका माकडिणीला दिसेल अशा बेतानं बसून त्यांना अंगावर पाजत. माकडीण म्हटलं ते आपल्या बोलीत; खरं तर ती ओरांगउटान, शेपूट नसलेल्या आणि माणसाच्या जवळच्या कुळातली. तिचं नाव मुजूर. वय एकोणीस. तिला दिवस गेले होते, आणि तिनं या बायकांकडे बघून पिल्लाला कसं पाजायचं ते शिकावं अशी संग्रहालयाची धडपड होती. कारण २०१९ आणि २०२२ मध्ये झालेली तिची दोन्ही पिल्लं दगावली होती. पिल्लू झालं की त्याचं काय करायचं असतं हेच तिला उमगत नव्हतं. मुजूर मन लावून बघायची म्हणे. ३१ जुलैला तिला पिल्लू झालं. या खेपेला तिनं ते उराशी धरलं, गोंजारलं, पण दूध पिता येईल असं काही धरेना. शेवटी माणसांनी त्याला बाटलीनं पाजलं आणि पुढं इंग्लंडात डॉर्सेट परगण्यातल्या ‘मंकी वर्ल्ड’ या संस्थेत पाठवलं. आईविना पिल्लं वाढवण्याचा त्यांना मोठा अनुभव आहे. मलय भाषेत ‘मुजूर’ या शब्दाचा अर्थ नशीबवान.

ही बातमी जगभर कौतुकानं वाचली गेली, आणि त्या बायकांचं कौतुक वाटण्यासारखंच आहे. परक्या जिवासाठी आपलं बाळ मांडीवर घेऊन काचेसमोर बसायचं म्हणजे मन मोठं लागतं. आईपण शिकायला घरात दुसरी बाई लागते हे आपल्याला कुणी सांगायला नको. पहिलटकरणीला बाळ कसं धरायचं, ढेकर कसा काढायचा, कुठलं रडणं भुकेचं आणि कुठलं पोटदुखीचं, हे सगळं आई, सासू, थोरली जाऊ दाखवते तेव्हा कुठं जमतं. मग ओरांगउटानला हे दाखवायला आयर्लंडमधल्या बायका का लागल्या? तिच्या जातीतली आई, मावशी, आजी यांचं शिक्षण तिच्यापर्यंत पोचलं का नाही? प्राणिसंग्रहालयं गेली चाळीसेक वर्षं जे ‘संवर्धन प्रजनन’ करतायत, त्याची सगळी बरीवाईट बाजू या एका प्रश्नात सापडते असं मला वाटतं.

संग्रहालयांचा दावा साधा आहे. बोर्निओ आणि सुमात्रा या दोन बेटांवरचं जंगल झपाट्यानं चाललंय, ओरांगउटान संपायला आलेत, म्हणून आम्ही त्यांचा वंश आमच्याकडे राखून ठेवतो. उद्या जंगलात एकही उरला नाही तरी आमच्याकडे बी असेल. या दाव्याच्या जोरावर तिकिटं विकली जातात, देणग्या मिळतात, आणि प्रत्येक पिल्लाच्या जन्माची बातमी ‘जात वाचवण्याचं आणखी एक पाऊल’ म्हणून छापून येते. संग्रहालयांना कुलूप लावा असं म्हणायला मी हा लेख लिहीत नाही. आहेत ती जनावरं कुठं जातील? मला फक्त हा दावा नीट पाखडून बघायचा आहे.

आधी काम कसं चालतं ते सांगते, कारण ते फार व्यवस्थित चालतं. अमेरिकेत १९८१ पासून आणि युरोपात १९८५ पासून अशा जातींसाठी सामाईक योजना आहेत. त्यांचा कणा म्हणजे एक नोंदवही. जगातल्या कुठल्याही मान्यताप्राप्त संग्रहालयात ओरांगउटान जन्मला की त्याला नंबर मिळतो. आई कोण, बाप कोण, कुठं जन्म, कुठून कुठं गेला, पिल्लं किती, मेला कधी, सगळं तिथं लिहिलं जातं. मग हिशेब करतात की प्रत्येक जनावराचं बाकी सगळ्यांशी सरासरी किती रक्ताचं नातं आहे. ज्याचं नातं कमी, त्याची पिल्लं जास्त मोलाची. ज्याच्या घराण्याची पिल्लं आधीच उदंड झालीत, त्याला थांबवायचं. मूळ रानातून आलेल्या जनावरांमधली विविधता शंभर वर्षांनंतरही नव्वद टक्के टिकावी असं एक सर्वमान्य उद्दिष्ट असतं. त्यासाठी समन्वयक ठरवतो की अमुक मादी तमुक शहरातल्या नराकडे पाठवा, आणि हिला तूर्त गोळ्या चालू ठेवा. या गोळ्या म्हणजे बायका घेतात त्याच गर्भनिरोधक गोळ्या.

आमच्या समाजातले वधूवर मेळावे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. पुस्तिका तीच, फोटो आणि घराणं तेच, मांडवात चष्मा सारून नावं जुळवणारे काका-मामाही तेच. फरक एवढाच की आमच्या बेळगाव भागात मामाची मुलगी हक्कानं चालते, नोंदवहीवाल्यांना ती मुळीच चालत नाही. आणि मेळाव्यातली मुलगी निदान ‘मला नाही पसंत’ म्हणू शकते.

चेष्टा बाजूला ठेवून त्यांचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. या नोंदवहीच्या आधीचा काळ भयंकर होता. ओरांगउटानचं पिल्लू आईला इतकं घट्ट बिलगलेलं असतं की ते हवं तर आईला मारूनच घ्यावं लागतं. युरोप-अमेरिकेतल्या पिंजऱ्यात पोचलेल्या एकेका पिल्लामागं एक मेलेली आई असायची, आणि वाटेत मेलेली पिल्लं वेगळीच. १९७५ मध्ये आंतरराष्ट्रीय करारानं रानातल्या ओरांगउटानच्या व्यापारावर बंदी आली. पुढं संग्रहालयांनी आपल्याच जनावरांची वीण नीट लावली म्हणून त्यांना रानाकडे हात पसरायची गरज उरली नाही. ही फार मोठी गोष्ट आहे. वहीनं आधी बंदुकीची मागणी थांबवली. पण मागणी थांबवणं वेगळं आणि जात वाचवणं वेगळं. पहिल्याचं श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतं, तिथं माझी तक्रार सुरू होते.

त्यासाठी रानातलं बालपण कसं असतं ते बघावं लागेल. ओरांगउटानची मादी एका पिल्लानंतर दुसरं पिल्लू साधारण सात ते आठ वर्षांनी देते. जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत दोन बाळंतपणांत एवढं अंतर दुसऱ्या कुणात नाही. हा सगळा काळ पिल्लू आईच्या मागं असतं. सहा-सात वर्षांचं झालं तरी मधूनमधून दूध पितं. बाप जवळ नसतो, कळप नसतो; आई आणि लेकरू, बस्स. या वर्षांत ते शेकडो झाडांची फळं, पानं, साली ओळखायला शिकतं. कुठलं कधी पिकतं, कुठलं कच्चं खाल्लं तर तोंड आंबतं, काटे कसे चुकवायचे. रोज संध्याकाळी झाडावर उंच फांद्या वाकवून, विणून घरटं करायचं असतं. ते काम पिल्लू वर्षानुवर्षं आईशेजारी बसून गिरवतं, आपल्याकडच्या मुली खोटी भातुकली मांडून स्वयंपाक शिकायच्या तसं.

हे ज्ञान रक्तातून येत नाही. सुमात्रात सुआक बालिंबिंग नावाचा दलदलीचा भाग आहे. तिथले ओरांगउटान नीसिया नावाचं फळ खातात. फळाच्या आत चुरचुरणारे केस असतात, म्हणून ते काडी तासून तोंडात धरतात आणि केस बाजूला सारून बिया काढतात. त्याच बेटावर नदीच्या पलीकडे हीच झाडं आहेत, हीच फळं आहेत, पण तिथल्या ओरांगउटानांना काडीची युक्ती माहीत नाही. कारेल व्हान शाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली अशा कितीतरी सवयींची यादी मांडून दाखवलं की यांच्यात प्रांतोप्रांतीच्या रीती असतात. जशा आपल्याकडे चिकोडीच्या आमटीत आणि सांगलीच्या आमटीत असतात तशा. म्हणजे ओरांगउटान अर्धा जन्माला येतो आणि अर्धा आईच्या पाठीवर घडतो.

आता वही पुन्हा उघडून बघा. तिच्यात आई-बापाचा रकाना आहे, नात्याचा आकडा आहे. काय शिकला, कुणाकडून शिकला, आईजवळ किती वर्षं राहिला, याला वंशाच्या हिशेबात जागा नाही. सुरुवातीच्या काळात तर उलटंच केलं गेलं. साठ-सत्तरच्या दशकांत कित्येक ठिकाणी पिल्लं जन्मताच आईपासून काढून नर्सरीत नेत. लंगोट बांधून, बाटलीनं वाढवलेली ती पिल्लं बघायला गर्दी व्हायची. पाजणं थांबलं की आई लवकर पुन्हा गाभण राहते, म्हणजे आकडा वाढतो. पण बाटलीवर वाढलेल्या मुली पुढं स्वतः आया झाल्या तेव्हा त्यांना पिल्लू धरता येईना. मग त्यांचीही पिल्लं बाटलीवर. असं घराणंच्या घराणं आईपण विसरत गेलं. वहीत मात्र ते घराणं भरभराटीचंच दिसत होतं.

चांगल्या संग्रहालयांनी हे ओळखलं आणि आता पिल्लू आईजवळच ठेवतात, दोन पिल्लांत अंतर ठेवतात, गाभण मादीला बाहुली देऊन धरायला शिकवतात. डब्लिननं केलं ते याच सुधारणेचं टोक होतं, आणि म्हणूनच ते मला इतकं बोलकं वाटतं. सगळ्यात शहाण्या, सगळ्यात प्रेमळ संग्रहालयानं सगळं करून बघितलं, तरी जे जुळलं नाही ते जुळलं नाही. वंश राखता आला, पण आईकडून मुलीकडे जाणारी शिकवण मधेच तुटली होती.

कुणी म्हणेल, तुम्ही वाईटच उदाहरण उचललंत. ठीक आहे, सगळ्यात चांगलं घेऊ. ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयात पुआन नावाची सुमात्राची मादी होती. जन्म अंदाजे १९५६ चा, रानातला. जोहोरच्या सुलतानानं भेट म्हणून दिली, १९६८ मध्ये पर्थला आली आणि पन्नास वर्षं तिथंच राहिली. २०१८ च्या जूनमध्ये गेली तेव्हा वय ६२. त्या काळी माहीत असलेली जगातली सगळ्यात वयस्क ओरांगउटान. तिला ११ पिल्लं झाली, आणि ती गेली तेव्हा पोरं, नातवंडं, पतवंडं धरून ५४ वंशज अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियात पसरलेले होते. तिची एक मुलगी तेमारा. २००६ साली तिला सुमात्रातल्या बुकित तिगापुलुहच्या जंगलात सोडलं. प्राणिसंग्रहालयात जन्मून रानात सोडलेली ती पहिली ओरांगउटान. २०११ मध्ये सेमेरू नावाच्या नरालाही तिथंच नेलं.

पर्थच्या लोकांना मी मनापासून नमस्कार करते. त्यांनी जे बोललं ते करून दाखवलं, आणि त्या जंगलाच्या राखणीसाठी पैसा आणि माणसंही दिली. पण गोष्ट नीट वाचा. जगातल्या उत्तमातल्या उत्तम कामाचा हिशेब असा, की एका आजीच्या ५४ वंशजांतली रानात परतलेली बोटांवर मोजावी लागतात. बाकीची एका शहरातून दुसऱ्या शहरात. हा अपवाद आहे म्हणून तर तो सगळ्यांना ठाऊक आहे.

तिकडे रानात काय चाललंय तेही शेजारी ठेवून बघू. बोर्निओत १९९९ ते २०१५ या सोळा वर्षांत एक लाखाहून जास्त ओरांगउटान कमी झाले असा संशोधकांचा २०१८ मधला अंदाज आहे. तेलताडाची लागवड, खाणी, लाकूडतोड ही कारणं आपण ऐकून असतो. पण जिथं झाडं अजून उभी आहेत तिथंही ते नाहीसे होताहेत, कारण शिकार होते, पिकात शिरले म्हणून मारले जातात. उघड्या पडलेल्या जंगलांतून, माणसांच्या घरांतून सोडवलेली अनाथ पिल्लं तिथल्याच केंद्रांत शेकड्यांनी आहेत. मध्य कालिमंतानातल्या न्यारू मेन्तेंग केंद्रात स्थानिक बायका त्यांना कडेवर घेऊन रोज जंगलात नेतात, झाडावर चढायला, घरटी करायला शिकवतात. ती पिल्लं रानाची आहेत, रानाच्या उंबरठ्यावर आहेत, आणि तरी सोडायला सुरक्षित जंगल मिळत नाही म्हणून त्यांनाच वर्षानुवर्षं थांबावं लागतं. मग पर्थ, डब्लिन, अटलांटा इथं राखून ठेवलेलं बी पेरायचं कुठं? विमा उतरवलाय, हप्ते नेमानं भरले जातायत, पण पैसे मिळायची खिडकीच बंद आहे. सुमात्राच्या बातांग तोरू डोंगररानात २०१७ साली ओरांगउटानची तिसरी जात वेगळी ओळखली गेली. ते आठशेहून कमी उरलेत. त्यांना वाचवायचं तर तो डोंगर वाचवावा लागेल. दुसऱ्या खंडातल्या गोळ्या-नोंदींनी त्यांचं काही होणार नाही.

या वहीची आणखी एक बाजू आहे, आणि ती वाचताना माझ्या मनात जरा जास्तच कालवाकालव होते. पूर्वी संग्रहालयवाले बोर्निओचा आणि सुमात्राचा असा भेद फारसा करत नसत. आहेत त्यांच्या जोड्या लावल्या, पिल्लं झाली. पुढं गुणसूत्रं तपासली तेव्हा दोन्ही बेटांच्या जनावरांत स्पष्ट फरक दिसला, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यावर असं ठरलं की मिश्र पिल्लं यापुढं नकोत. आज त्या दोन वेगळ्या जातीच मानल्या जातात. काही लाख वर्षांपूर्वी त्यांच्या वाटा फुटल्या. तेव्हा जोड्या यापुढं वेगळ्या लावायच्या हे ठीकच झालं. पण आधीच जन्मलेल्यांचं काय? ते वहीत राहिले, फक्त त्यांच्यापासून पुढं रेघ ओढायची नाही अशी खूण झाली. गोळ्या, शस्त्रक्रिया, आणि जागा कमी पडली की हलवायला सगळ्यात आधी त्यांचा नंबर.

सँड्रा त्यांतलीच. १९८६ मध्ये तेव्हाच्या पूर्व जर्मनीत रोस्टॉकला जन्मली. मिश्र रक्ताची. १९९४ मध्ये अर्जेंटिनात ब्यूनोस आयरेसला पाठवली गेली. तिला १९९९ मध्ये एक मुलगी झाली. ती पुढं चीनमधल्या एका प्राणी उद्यानात गेली. सँड्रा वर्षानुवर्षं सिमेंटच्या आवारात एकटी राहिली. २०१४ च्या शेवटी तिच्या वतीनं केलेला अर्ज अर्जेंटिनाच्या न्यायालयात ऐकला गेला आणि तिला, मनुष्य नसली तरी, काही हक्क आहेत असं म्हटलं गेलं. पुढच्या वर्षी एलेना लिबेरातोरी या न्यायाधीशबाईंनी तोच धागा पुढं नेला. तिला रानात सोडता येत नव्हतं. रान तिनं कधी बघितलंच नव्हतं, आणि कुठल्या बेटावरचं रान तिचं म्हणायचं? अखेर २०१९ मध्ये ती अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका आश्रयस्थानात गेली. तिथं पिल्लं जन्माला घालणं हा हेतूच नाही. आहेत त्यांनी नीट जगावं, एवढंच. तिथं तिची जेथ्रो नावाच्या नराशी गट्टी जमली.

माझ्या पिढीतल्या जैन घरांत चतुर्थ आणि पंचम यांच्यात सोयरीक करताना वडीलधारे कसे थबकायचे ते आम्ही ऐकलंय, पाहिलंय. प्राण्यांच्या जाती आणि माणसांच्या पोटजाती एक नव्हेत हे मला कळतं. माणसांतली भिंत माणसांनी बांधलेली, ओरांगउटानांतला फरक निसर्गानं लाखो वर्षांत केलेला. तरी ‘शुद्ध’ हा शब्द कुठल्याही वहीत दिसला की माझी बोटं थांबतात. शुद्ध वंश ठेवायला हरकत नाही. पण अशुद्ध ठरलेल्या जिवाचं ओझं कुणी उचलायचं? सँड्राच्या आईबापांची जोडी सँड्रानं लावली नव्हती. ज्यांनी लावली त्यांनीच ती शेवटपर्यंत उत्तम सांभाळायला हवी, आणि त्यासाठी कुणालाही न्यायालयात जावं लागू नये.

इथं मी माझी मोजपट्टी उघड सांगते, म्हणजे वाचकाला पटलं नाही तर सोडून देता येईल. आम्ही लहानपणी पाठशाळेत अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठ केले: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून घालणं, मारणं, अवयव कापणं, झेपेल त्याहून जास्त ओझं लादणं, खाणंपिणं तोडणं. मारणं दोष आहे हे कुणालाही सुचेल. पण बांधून ठेवणं यादीत सगळ्यात आधी आहे, आणि ते कुठल्याही चांगल्या हेतूनं यादीबाहेर पडत नाही. दुसरं म्हणजे, या यादीत सगळीकडे समोरचा एकेक जीव आहे. भूक लागते ती जिवाला, कोंडमारा होतो तो जिवाला. वंशाला भूक लागत नाही. म्हणून एका वंशासाठी एका जिवाला काय सोसायला लावायचं, हा प्रश्न दरवेळी नव्यानं विचारावा लागतो. ‘जात वाचवतोय’ म्हटलं की तो आपोआप सुटत नाही.

माझी भाची प्राणिशास्त्र शिकली आहे. तिच्याशी यावर बोलणं झालं तेव्हा ती म्हणाली, “मावशी, तुझं सगळं मान्य. पण जातच संपली तर दया कुणावर करणार? आणि तुमच्या पांजरपोळात तरी काय, जनावरं बांधलेलीच असतात की.”

तिचं दुसरं म्हणणं आधी घेते, कारण ते बोचतं आणि खरं आहे. मुंबईचा पांजरपोळ १८३४ पासून आहे, आणि गावोगाव आमच्या समाजानं असे पांजरपोळ चालवलेत. तिथंही दावणी आहेत, गर्दी आहे, कधी कधी देणगीदारांच्या पाटीला जेवढी जागा तेवढी जनावराला नसते. त्यावर टीका व्हायलाच हवी. पण पांजरपोळ एक गोष्ट खोटी बोलत नाही. ‘आम्ही गोवंश वाढवून जगाला देऊ’ असं त्याच्या पाटीवर लिहिलेलं नसतं. म्हातारं, लंगडं, टाकून दिलेलं जनावर मरेपर्यंत सांभाळतो, एवढंच त्याचं म्हणणं. दिल्लीच्या लाल मंदिरातल्या पक्ष्यांच्या धर्मार्थ रुग्णालयात बरा झालेला पक्षी आकाशात सोडतात, परत देत नाहीत. हे करता येत असेल तर करतो, नाही तर सांभाळतो. संग्रहालयांनी एवढा साधा शब्द द्यावा, मग माझी निम्मी टीका मी मागं घेईन.

आणि तिचं पहिलं म्हणणं, जात संपली तर? संपू नये, यात दुमत कसं असेल. पण जी जात आठ वर्षांच्या आईच्या सहवासानं बनते, ती नुसती रक्तानं राखता येत नाही. काचेमागं शंभर वर्षांनी जे उरेल त्याच्यात नव्वद टक्के विविधता असेल. नीसियाचं फळ फोडणारी काडी नसेल. ती फक्त सुआकच्या दलदलीत, एका आईच्या हातात शिल्लक राहू शकते.

आपल्या देशाकडे बघितलं तर हे सगळं फार लांबचं नाही. बिन्नी नावाची मादी पुण्याच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात होती. २००३ मध्ये तिला भुवनेश्वरच्या नंदनकाननला नेलं. २०१९ च्या मे महिन्यात, ४१ वर्षांची होऊन ती तिथं वारली. त्या काळात भारतातल्या प्राणिसंग्रहालयांत ती एकटीच ओरांगउटान होती, आणि बातम्यांत तिचं नाव त्याच बिरुदासह यायचं: देशातली एकमेव. सबळ कारण नसेल तर कुठलंही जनावर जोडीदाराशिवाय वर्षभराहून जास्त ठेवू नये असा आपल्याकडच्या प्राणिसंग्रहालयांना नियम आहे. कुणी म्हणेल, ओरांगउटान रानातही एकटाच राहतो. राहतो खरा, पण रानातल्या एकटीच्या कानावर लांबून नराची हाक येते, फळांनी लगडलेल्या झाडावर चार ओळखीची तोंडं भेटतात, आणि पाठीवर सात वर्षं एक लेकरू असतं. बिन्नीचा एकटेपणा त्या जातीचा नव्हता. तिच्या देखभाल करणाऱ्यांनी माया केली असेलच. पण ‘एकमेव’ या शब्दाला भूषण समजणारी नजर बदलायला हवी होती.

आता शेवटचं, आणि तेही टीकेचंच. आमच्या बायकांना पाकिटाची मागची बाजू वाचायची चांगली सवय आहे. कांदा-लसूण आहे का, बटाट्याचं पीठ आहे का, जिलेटिन आहे का, बारीक अक्षरं डोळ्याजवळ धरून आम्ही सगळं शोधतो. दशलक्षण पर्वात तर दुकानदार कंटाळेपर्यंत. त्याच ओळीत ‘पामोलीन’ लिहिलेलं असतं आणि त्यावरून नजर घसरून जाते. बिस्किटात, फरसाणात, समाजाच्या पंगतीतल्या तळणीच्या कढईत ते असतं. जगात सगळ्यात जास्त पाम तेल आयात करणारा देश आपला आहे, आणि त्यातलं बरंचसं येतं ते ओरांगउटानच्याच दोन देशांतून, इंडोनेशिया आणि मलेशियातून. तेलताड एकरी तेल भरपूर देतो, गरिबाच्या घरात तो स्वस्त पडतो, हेही तितकंच खरं. म्हणून उद्यापासून सगळ्यांनी सोडा असं मी म्हणणार नाही. पण जंगल न तोडता केलेल्या लागवडीचंच तेल घ्या असं कंपन्यांना विचारणारे ग्राहक युरोपात निघाले, तसे आपल्याकडे आधी कुठल्या समाजातून निघायला हवेत, ते सांगायची गरज नाही. पंगतीची यादी करणाऱ्या मंडळींनी तेलवाल्याला एकदा विचारलं तरी चालेल.

प्राणिसंग्रहालयांकडून माझं मागणं तीन ओळींचं आहे. पिल्लू जन्मलं ही बातमी देताना त्याची आई स्वतः कशी वाढली आणि ते पिल्लू आईजवळ किती वर्षं राहणार आहे, हेही सांगा. मिश्र, म्हातारी, वंशाला नको असलेली जनावरं आधी सांभाळा, मग नव्यांचा विचार करा. गोळ्या द्याव्या लागल्या तरी द्या, जागा नसताना जन्म देण्यापेक्षा त्या बऱ्या. आणि पाटीवरचं ‘आम्ही ही जात वाचवतो आहोत’ हे वाक्य काढून तिथं लिहा, की आमच्याकडे असलेले अमुक इतके जीव आम्ही सांभाळतो, आणि तुमच्या तिकिटातले एवढे पैसे सुमात्रा-बोर्निओचं जंगल राखणाऱ्यांना जातात. तो आकडा मोठा असेल तर लोक आनंदानं तिकीट काढतील. लहान असेल तर तो लहान का, हे विचारायचा हक्क त्यांना मिळेल.